मुंबई बघायला पैसे किती लागतात?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



सेक्रेटरींनी मला सांगितले होते, "तुम्ही बँकवाले, निवृत्तीनंतरच्या गुंतवणुकीवर बोला." मी म्हटले, ठेवींचे व्याजदर आपण सगळेच रोज पेपरात बघतो. ज्येष्ठांना अर्धा टक्का जास्त मिळतो हे तर आपल्या वॉचमनलाही पाठ झाले आहे. त्यात मी काय भर घालणार? म्हणून मी दुसराच विषय मागून घेतला. थोडक्या पैशात या मुंबईत काय खावे, काय बघावे, काय ऐकावे. विषय हलका वाटेल. मला तो तसा वाटत नाही. का, ते सांगतो.

गेल्या महिन्यात मी एक हिशेब केला. सवयच आहे ती, जात नाही. आपल्या ५६ सदनिकांमध्ये साठीच्या पुढचे आपण ४३ जण आहोत. लिफ्टमध्ये, कट्ट्यावर, दुधाच्या पिशव्या घेताना जो भेटेल त्याला मी एकच प्रश्न विचारत होतो: गेल्या वर्षभरात दवाखाना आणि लग्नकार्य सोडून दादरच्या पलीकडे किती वेळा गेलात? ४३ पैकी सात जण म्हणाले, गेलो होतो. बाकीच्यांचे उत्तर जवळजवळ एकच. "आता कुठे परवडते हो मुंबई!"

बँकेत एक नियम आहे. दोन वर्षे खातेदाराने काही व्यवहारच केला नाही, तर खाते इनऑपरेटिव्ह होते. पैसे त्याचेच असतात, पासबुक त्याच्याच कपाटात असते. पण काढायला गेला की केवायसी आणा, फोटो आणा, सही जुळत नाही. आपले मुंबईशी असलेले खाते तसे होत चालले आहे. मुलुंडमध्ये राहतो, पत्त्यात मुंबई लिहितो, आणि मुंबई बघतो ती टीव्हीवर.

पैशाची ओढाताण खोटी आहे असे मी म्हणत नाही. इथे प्रॉव्हिडंट फंड मोकळा करून घर घेतलेले बरेच जण बसले आहेत. त्या घराच्या किमतीने आपण कागदावर कोट्यधीश झालो. पण भिंती काही खाता येत नाहीत. आमच्या बँकवाल्यांचे मूळ पेन्शन निवृत्तीच्या दिवशी जे ठरले तेच राहते, महागाई भत्ता तेवढा हलतो. इकडे मेंटेनन्स वाढतो, औषधे वाढतात, मेडिक्लेमचा हप्ता तर विचारूच नका. खजिनदारांनी रागावू नये, मेंटेनन्सबद्दल मी एजीएममध्ये बोलेन.

तरीही माझे म्हणणे असे आहे की मुंबई महाग आहे ती विकत घ्यायला. वापरायला ती तेवढी महाग नाही. कारण हिच्यातले चांगले खाणे आणि चांगले बघणे-ऐकणे यांतले बरेचसे कमी पगाराच्या माणसांसाठी, आणि बहुतेक वेळा त्यांच्याच हातून, उभे राहिले आहे.

मी १९७३ साली कोकणातून बँकेच्या नोकरीसाठी इथे आलो. लालबागला एका खोलीत आम्ही सहा जण राहत होतो आणि जेवायला शेजारच्या चाळीत एका मालवणी बाईंच्या खानावळीत. खानावळ म्हणजे काय, तर दहा बाय बाराची खोली. तिथेच त्यांचा संसार आणि तिथेच पंचवीस माणसांचे जेवण. गिरणीच्या पाळ्या बघून पंगती बसायच्या. महिन्याचे साधारण सत्तर रुपये, पगार झाला की द्यायचे. रविवारी माशाची आमटी. ज्याची रात्रपाळी असेल त्याचा डबा कपड्यात बांधून दाराशी ठेवलेला. मी पुढे बँकेच्या खर्चाने मोठमोठ्या हॉटेलांत जेवलो. बांगड्याचे तसे तिखले पुन्हा मिळाले नाही.

या बायका धान्य आणायच्या ते उधारीवर, नाहीतर सावकाराकडून पैसे उचलून. दोन वेळा पंचवीस माणसांना जेवू घालणाऱ्या बाईच्या हातात महिन्याअखेर काही उरायचे नाही, सगळे व्याजात. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची छोटी कर्जे मिळवून दिली. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले नसते तर हे घडले असते का, असा प्रश्न मला आजच्या तरुण बँकवाल्यांना विचारावासा वाटतो. पुढे गिरणगावातल्या एका शाखेत मी असताना अशा काही बायका हप्ता भरायला यायच्या. सही करताना हात थरथरायचा, पण तारीख चुकायची नाही. त्याच शाखेत मोटारीने येणारे काही कर्जदारही होते. त्यांच्या तारखांबद्दल न बोललेले बरे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हळूहळू ते सगळे विस्कटले. पंगतीच उठल्या म्हणा ना. काम गेलेल्यांपैकी कित्येकांनी वडापावच्या गाड्या लावल्या. वडापाव त्याच्या आधीचाच, दादर स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी सुरू केला असे सांगतात. पण तो गल्लोगल्ली पोचला त्याला या संपाचाही हात लागलेला आहे. आज तोच वडापाव मॉलमध्ये काचेच्या बशीत दीडशे रुपयांना मिळतो. वर कोथिंबिरीचे एक पान ठेवतात. त्या पानाचेच शंभर रुपये असावेत.

आता मुद्द्याला येतो. आपली सोसायटी मध्य रेल्वेवर आहे, ही आपली मोठी इस्टेट. एकाच लाइनवर माटुंगा, दादर, भायखळा आणि सीएसएमटी. रिक्षा नको, टॅक्सी नको. साध्या डब्याचे जायचे-यायचे तिकीट चाळीस रुपयांच्या आत. बेस्टचे किमान भाडे २०२५ च्या मे महिन्यात पाचाचे दहा झाले आणि एसी बसचे सहाचे बारा, तेव्हा सगळ्यांनी कपाळाला हात लावला. पण बारा रुपयांत गार हवेत बसून फोर्टातून फिरायला मिळते, हेही बघा की.

माटुंग्याला स्टेशनच्या बाहेरच रामा नायकांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचे. आधी कूपन घ्यायचे, मग केळीचे पान. पानात टाकलेले तिथे कुणाला आवडत नाही, आणि मला ते आवडते. आपल्या वयाला अमर्याद जेवण काय करायचे आहे? मर्यादित ताट घ्यावे, तेच सरत नाही. जिना मात्र चढावा लागतो, गुडघेवाल्यांनी हळू. तिथून किंग्ज सर्कलकडे चालत गेले की कॅफे मद्रास, १९४० सालचे. रविवारी तिथे जाऊ नये, रस्त्यावर तास-तास उभे राहावे लागते. आडवारी सकाळी जावे. निवृत्त माणसाकडे पैसा कमी असेल, पण आडवार त्याच्याइतके कुणाकडेच नाहीत. या शहरात रविवारची किंमत आणि बुधवारची किंमत वेगळी असते आणि आपण मात्र अजून रविवारीच बाहेर पडतो, ऑफिस असल्यासारखे.

दादरला मी काय सांगणार! मामा काणे १९१० पासून आहेत, प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पीयूष सगळ्यांना माहीत आहे, आस्वादला मिसळीसाठी रांग असते. एकच सांगतो, दोघांत एक मागवायला लाजू नका. "एक मिसळ, दोन चमचे" म्हटले की वेटर काही वाईट वाटून घेत नाही. आमच्या सौभाग्यवतींना सुरुवातीला ते कमीपणाचे वाटायचे. आता त्याच आधी सांगतात, कारण उरलेल्या पैशात पीयूष येते.

भायखळ्याला राणीच्या बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली लोकांना खुले झाले, मुंबईतले सगळ्यात जुने. आपल्यापैकी अनेकांनी राणीची बाग दहा वेळा बघितली असेल, मुलांना घेऊन, नातवंडांना घेऊन, आणि या इमारतीला वळसा घालून हत्तीकडे गेला असाल. आत जुन्या मुंबईचे मातीचे नमुने आहेत. कुठल्या जातीधर्माचा माणूस कशी पगडी बांधायचा, तेसुद्धा. एलिफंटा बेटाला ज्याच्यावरून नाव पडले तो दगडी हत्ती बाहेरच्या बागेत उभा आहे. मोठा हत्ती फुकट, असे मी नातवाला सांगितले होते. बुधवारी संग्रहालय बंद असते, लक्षात ठेवा.

सीएसएमटीला उतरलात की घाई करू नका. जन्मभर आपण त्या स्टेशनातून धावलो. ८:४२ चुकली की ८:५१, मान खाली, डबा हातात. आता जरा रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला उभे राहा आणि वर बघा. दगडात कोरलेले मोर, माकडे, पाने, घुमटाच्या टोकावर ती बाई. २००४ साली युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतले. परदेशी माणसे विमानाचे तिकीट काढून बघायला येतात आणि आपण तिथे ३०-३५ वर्षे पास काढून नुसते आलो-गेलो.

तिथून बसने काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ सालची, प्रवेशाला पैसे नाहीत. हे वाक्य मी पुन्हा म्हणतो, कारण मला पाच जणांनी विचारले, "आत सोडतात का आपल्याला?" सोडतात. कोणी काही विचारत नाही. मंगळवारी नवे प्रदर्शन लागते आणि सोमवारपर्यंत असते. चित्रातले आपल्याला काय कळते, असेही लोक म्हणतात. मलाही पोर्टफोलिओ कळतो तेवढी पेंटिंगे कळत नाहीत. पण तिथे एक गंमत आहे. चित्रकार स्वतः त्याच्या चित्रांशेजारी खुर्ची टाकून बसलेला असतो. कोल्हापूरचा, सांगलीचा, नांदेडचा एखादा पोरगा, आयुष्यातले पहिले प्रदर्शन. गॅलरीचे भाडे भरून, चित्रे टेम्पोत घालून आणलेली. श्रीमंत गिऱ्हाईक येईल म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेला असतो आणि बरेचदा आठवडाभर कोणी फारसे येत नाही. त्याला जाऊन मराठीत विचारा, "बाळा, हे निळे का केलेस?" तो अर्धा तास सांगतो. मागे एका मुलाने मला विहिरीच्या पाण्याचा रंग सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी कसा बदलतो ते तीन चित्रांवरून दाखवले. माझ्या गावी घरामागे विहीर होती. अठरा वर्षे मी तिच्यातले पाणी काढले. तिला रंग असतो हे मला बहात्तराव्या वर्षी कळले.

तिथे पूर्वी 'समोवार' नावाचे कॅफे होते, २०१५ साली बंद झाले. त्याची हळहळ अजून लोक करतात. मी थोडा परतून धोबी तलावाला कयानीत जातो. १९०४ पासूनचा इराणी. ब्रुन मस्का आणि चहा. ब्रुन चहात बुडवूनच खावा, आपल्या दातांना तोच उपाय. पूर्वी फोर्टात नाक्यानाक्यावर इराणी होता, आता बोटांवर मोजण्याइतके राहिलेत. बंद पडल्यावर आपण व्हॉट्सॲपवर रडका चेहरा टाकतो. शेवटचा चहा तिथे कधी प्यायलो होतो, ते मात्र आठवत नाही.

नाटकांचे सांगतो. १९७४ पासून काही वर्षे दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटके होत. साध्या खुर्च्या, उकाडा, पंख्याचा आवाज, आणि हातभर अंतरावर नट. तिकीट आमच्यासारख्या कारकुनाच्या खिशाला जमेल असे. आजही प्रायोगिक नाटकांची तिकिटे व्यावसायिकपेक्षा बरीच कमी असतात. शिवाजी मंदिरला किंवा इथल्याच कालिदासला पुढच्या रांगांचे तिकीट आता दोघांना हजाराच्या घरात जाते, हे खरे. मग बाल्कनीत बसावे. ऐकू कमी येते अशी तक्रार असेल तर कानाचे यंत्र लावून जावे. ते आपण चाळीस हजारांचे घेतो आणि डबीत जपून ठेवतो.

व्याख्याने, ग्रंथप्रदर्शने, गाण्याच्या बैठका यांना तर या शहरात तोटाच नाही. गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघ, दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ, फोर्टात एशियाटिक. एशियाटिकच्या तीस पायऱ्या आहेत, मोजून चढा. फेब्रुवारीच्या आसपास काळा घोड्याचा कला महोत्सव असतो, १९९९ पासून चालू आहे, सगळे कार्यक्रम विनामूल्य. गर्दी असह्य असते, आपल्या वयाने दुपारी लवकर जाऊन पाचच्या आत परत फिरावे. पेपरात शेवटी एक ओळ असतेच: "प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव." मी अर्धा तास आधी जातो, म्हणजे राखीव नसलेल्यांतली चांगली जागा मिळते.

पण मंडळी, स्वस्त आणि फुकट यांत फरक ठेवावा असे माझे मत आहे. कार्यक्रम संपता संपता येऊन अल्पोपाहाराच्या टेबलापाशी उभे राहणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते सगळे गरजू नसतात. विनामूल्य व्याख्यान ऐकले तर बाहेरच्या टेबलावरचे एखादे पुस्तक घ्यावे. प्रायोगिक नाटकाला पास मागू नये. खानावळीतल्या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नये. आपण गेलो नाही, किंवा गेलो आणि पैसे दिले नाहीत, तर या जागा कुणाच्या जिवावर चालणार? मॉलवाल्यांना आपली गरज नाही.

माझ्या वहीत हे खाते वेगळे आहे. दोघांचे मिळून महिना पंधराशे रुपये. त्यात दोन फेऱ्या, दोन्ही वेळचे खाणे, आणि एक महिना सोडून एक नाटक बसते. चहा-पाणी, अडीअडचणीची रिक्षा धरून. उरले तर पुढच्या महिन्यात. मुलगा म्हणतो, "बाबा, मी देतो ना पैसे, गाडी करून जा." त्याला मी नाही म्हणत नाही. दिवाळीला तो आम्हाला बुफेला नेतो तेव्हाही जातो. तिथे दोघांचे जेवढे बिल होते तेवढ्यात आमचे अडीच महिने निघतात, हे मी त्याला सांगत नाही. तुम्हीही सांगू नका.

आता जे कोणी बोलत नाही ते बोलतो. आपल्यातले बरेच जण बाहेर पडत नाहीत ते पैशामुळे नाही, स्वच्छतागृहाच्या भीतीमुळे. बायका तर सकाळपासून पाणी पीत नाहीत. म्हणून मी जागा निवडताना आधी तेवढे बघतो. जहांगीर, मोठी संग्रहालये, एनसीपीए, नाट्यगृहे, इथे सोय आहे. चालण्याचा टप्पा वीस मिनिटांपेक्षा मोठा ठेवायचा नाही, आणि मध्ये बसायला जागा हवी. साडेदहानंतरची गाडी पकडायची आणि साडेचारच्या आत परतीच्या गाडीत बसायचे, म्हणजे गर्दी लागत नाही. इतके पाळले की निम्मी भीती जाते.

उरलेल्या निम्म्याचे कारण मला त्या हिशेबातच सापडले. बी विंगमधल्या एका वहिनींना मी तो प्रश्न विचारला. भाऊ गेल्याला आता तीन वर्षे झाली. त्याही आधी म्हणाल्या, "परवडत नाही." मी म्हटले, "वहिनी, चाळीस रुपये." त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, परत येताना बोलायला कोणी नसते हो." भाऊ असताना दोघे दर महिन्याला साहित्य संघात जायचे. नाटक कसे झाले यावर सीएसएमटीपासून मुलुंडपर्यंत त्यांचे भांडण चालायचे. मी एक-दोनदा त्याच डब्यात होतो, ऐकले आहे. आता नाटक तिथेच आहे, गाडी तिथेच आहे.

यावर मी काय बोलणार? मी वही उघडली आणि तारखा लिहिल्या. आमच्या सौभाग्यवतींनी त्यांना फोन केला.

तर येत्या गुरुवारपासून सुरुवात करू. महिन्याचा पहिला आणि तिसरा गुरुवार. वर्गणी नाही, समिती नाही, पदाधिकारी नाहीत. रौप्यमहोत्सवात तेवढे तरी एक पदाधिकाऱ्यांशिवाय होऊ द्या. सेक्रेटरींनी नोटीस बोर्डाचा खालचा कोपरा द्यायचे कबूल केले आहे. पाणी तोडल्याची आणि पार्किंगची सूचना वर, आपली खाली. पहिल्या फेरीला भायखळ्याचे संग्रहालय आणि येताना माटुंग्याला जेवण. सव्वादहाला गेटपाशी जमायचे, थांबणार कोणासाठी नाही, पण वहिनींसाठी थांबू. ज्याचे तिकीट त्याने काढायचे. पाण्याची बाटली, गोळ्यांची डबी, आधार कार्ड आणि चष्मा बरोबर ठेवा. परतीच्या गाडीत शेजारी बसून भांडायचे आहे, तेव्हा संग्रहालयात काय आवडले नाही ते आधीच ठरवून ठेवा. स्टेशनवरचा कटिंग माझ्याकडून.